वहीचे दुसरे पान
छोटा धंदा सुरू करण्याआधी काय पाहावे? मराठी उद्योगाच्या इतिहासातले काही दाखले

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतात, 'शुभ' आणि 'लाभ' लिहितात, वर विड्याचे पान आणि सुपारी ठेवतात. त्या पानावर आकडा नसतो. जमाखर्च दुसऱ्या पानापासून सुरू होतो. मराठी उद्योजकांच्या ज्या कथा आपण एकमेकांना सांगतो, त्या बहुतेक पहिल्या पानावरच्या असतात. जिद्द, स्वाभिमान, नोकरीवर मारलेली लाथ, निवडुंगाच्या माळावर उभा राहिलेला कारखाना. दुसऱ्या पानावर काय होते, हे सहसा कुणी विचारत नाही.

मला ते विचारण्याची सवय नोकरीने लावली. एका बँकेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणे तपासण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली. समोर बसणाऱ्या माणसाच्या हातात प्रकल्प अहवाल असे आणि डोक्यात लक्ष्मणराव किर्लोस्कर. अहवाल मी वाचत असे. पण डोक्यातल्या लक्ष्मणरावांबद्दल मात्र माझे नेहमी दुमत व्हायचे. कारण त्या माणसाला ठाऊक असलेले लक्ष्मणराव आणि इतिहासातले लक्ष्मणराव यांत मोठे अंतर आहे. ते अंतर समजून घेण्यासाठी निवृत्तीनंतर मी जुने अहवाल, चरित्रे, संस्थांचे इतिहास वाचायला घेतले. त्या वाचनाचा हा गोषवारा आहे. धंदा करावा की करू नये, हा या लेखाचा विषय नाही. करणारे करतातच. करण्याआधी ज्यांनी नीट विचार केला त्यांनी नेमका कशाचा केला आणि ज्यांना ती संधी मिळाली नाही त्यांचे कुठे अडले, एवढेच येथे पाहायचे आहे.

गिऱ्हाईक आणि सहानुभूती

पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी १८७२ साली स्वदेशी वस्तू वापरण्याचे व्रत घेतले. १८७७च्या दिल्ली दरबाराला ते खादीच्या पोशाखात गेले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तितकी प्रसिद्ध नसलेली गोष्ट अशी, की काकांनी शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा वस्तू देशात तयार व्हाव्यात म्हणून लोकांना उत्तेजन दिले, त्यासाठी पदरमोड केली आणि असा माल विकण्यासाठी दुकाने काढवली. म्हणजे १९०५च्या वंगभंगाच्या चळवळीआधी तीसेक वर्षे महाराष्ट्रात स्वदेशी मालाच्या विक्रीचा प्रयोग होऊन गेला होता.

या प्रयोगाचे मोल राजकीय दृष्ट्या मोठेच आहे. पण दुकानदाराच्या नजरेने पाहिले तर त्यात एक पेच दिसतो. व्रत घेतलेला माणूस महाग किंवा ओबडधोबड वस्तूही घेतो. पण तो व्रतस्थ म्हणून घेतो, गिऱ्हाईक म्हणून नव्हे. व्रतस्थांची संख्या मोजता येते आणि ती लवकर संपते. तिच्या पलीकडे जो माणूस उभा असतो त्याला शाई पसरते का, साबणाला फेस येतो का आणि किंमत किती, एवढेच कळते. आजच्या छोट्या धंद्यातही हेच घडते. पहिल्या महिन्यात मेहुणे, वर्गमित्र, सोसायटीतले शेजारी येतात. गल्ला भरलेला दिसतो. ती मंडळी सहानुभूतीने आलेली असतात आणि सहानुभूती बहुधा एकदाच खरेदी करते. धंद्याचा खरा अंदाज चौथ्या महिन्यापासून येतो.

लक्ष्मणरावांच्या लोखंडी नांगराची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचावी. नांगर तयार झाला तेव्हा शेतकरी म्हणत, लोखंडाने जमिनीला विष चढेल. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. ही गोष्ट आपण शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून सांगतो. मला तसे वाटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि त्याचा मोबदला खळ्यावर बलुत्याच्या धान्यात दिला जाई. लोखंडी नांगराला रोख रुपये मोजावे लागत. नांगर मोडला तर सुतार वेशीच्या आत होता. लोखंडी नांगराचा फाळ मात्र बेळगावहून आणावा लागणार होता. म्हणजे नव्या मालाची स्पर्धा जुन्या मालाशी नव्हती, गावाच्या एका संपूर्ण व्यवस्थेशी होती. विषाची भीती हा त्या संशयाला मिळालेला एक शब्द होता.

म्हणून पहिला प्रश्न 'माझा माल चांगला आहे का' हा नसतो. आज लोक ही गरज कशी भागवतात, त्याचे पैसे कधी आणि कशाच्या रूपात देतात, आणि बिघडले तर कुणाकडे जातात, हा असतो. याचे उत्तर बाजारात आठ दिवस नुसते उभे राहिल्याने मिळते. प्रकल्प अहवालात ते मिळत नाही.

दोन वर्षे कशावर काढली?

पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो आणि पुढे जातो. बँकेत बसलेल्या माणसाला तेथेच थांबावे लागते. ती दोन वर्षे पगार, भाडे, लोखंड आणि घरखर्च कशातून भागला?

लक्ष्मणराव १८६९ साली बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे ध्यानात आले की त्यांना काही रंगांतला फरक कळत नाही. रंग सुटले, पण यंत्ररेखन जमत होते. त्या बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात ते यंत्रे खोलून जोडायला शिकले. याच काळात सायकली आल्या. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. वर सायकल शिकवण्याचे वेगळे पैसे घेत. पदोन्नतीत डावलले गेले म्हणून लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, हा प्रसंग चरित्रांत रंगवून येतो. पण नोकरी सोडली तेव्हा बेळगावात दुकान चालू होते, गिऱ्हाईक ओळखीचे झाले होते, भाऊ धंद्यात मुरला होता आणि हाताला यंत्रांची सवय झाली होती. पुढे आधी कडबा कापण्याची यंत्रे आणि मग नांगर, असा क्रम लागतो.

यात तीन गोष्टी दिसतात. स्वतःचा माल करण्याआधी त्यांनी दुसऱ्याचा माल विकून पाहिला. विक्री शिकायला कारखाना लागत नाही. नोकरीचा पगार चालू असताना धंद्याची शिकवणी पुरी केली. आणि नवा माल बाजारात रुजेपर्यंत जुन्या धंद्याचा आधार ठेवला. सायकल विकणारा हात नांगर घडवणाऱ्या हाताला पोसत होता. 'नोकरीला लाथ मारली' या तीन शब्दांत हे काहीच मावत नाही.

माझ्यासमोर येणाऱ्यांना मी म्हणायचो, 'पहिले वर्षभर एक रुपयाही घरी न्यायचा नाही असे ठरवले, तर चूल कशावर पेटेल ते आधी कागदावर लिहा.' काहींना याचा राग येई. जे लिहून आणत त्यांची प्रकरणे सहसा पुढे नीट चालत.

कुणाचे भांडवल, किती धीराचे?

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद सुरू झाली. देशात पैसा आहे, कसबही आहे, पण पैसा एकीकडे पडून राहतो आणि कसबी माणसाला तो परवडणाऱ्या व्याजाने मिळत नाही, ही रानड्यांच्या आर्थिक विचारातली मोठी चिंता होती. १९१६ साली सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या औद्योगिक आयोगाने १९१८च्या अहवालात छोट्या कारखानदाराची भांडवलाची अडचण पुन्हा मांडली. दरम्यान १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०६ साली पुण्यात कॉसमॉस बँकेची मूळ पतसंस्था निघाली. लहान उद्योगांना कर्ज मिळावे या हेतूने १९३५ साली बँक ऑफ महाराष्ट्र नोंदली गेली. हा सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो : छोट्या माणसाला पैसा कोण देणार?

पण कोण देणार याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो परत कधी मागणार, हा. त्याची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले पैसाफंडाचे. प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. ते गावोगाव फिरले, लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला पैसाफंड काच कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची तांत्रिक बाजू सांभाळली. हा कारखाना शाळाही होता. तेथे शिकलेले तरुण पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेले. स्वतः वार्ष्णेय यांनी नंतर संयुक्त प्रांतात बहजोईला काच कारखाना काढला. एक पैसा देणाऱ्याने व्याज मागितले नाही, मुद्दल मागितले नाही. म्हणूनच भट्टी शिकवणीसाठीही पेटवता आली. असा पैसा लाखांत एखाद्याच कामाला मिळतो. तो आपल्याला मिळेल असे धरून कुणी चालू नये.

दुसरे औंधचे. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. हे भांडवल फुकटचे नव्हते, पण धीराचे होते. राजाला संस्थानात उद्योग हवा होता. पहिल्याच हंगामात वसुलीसाठी कारकून पाठवावा, अशी त्याची घाई नव्हती.

बँकेचे कर्ज तसे नसते. त्याचा हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला येतो. त्या तारखेला पाऊस पडतोय की गिऱ्हाईक गावाला गेलेय हे हप्ता विचारत नाही. यात बँकेचा दुष्टावा नाही; तो पैसा ठेवीदारांचा असतो. पण ज्या धंद्याला रुजायला दोन वर्षे लागणार आहेत, तो पहिल्या महिन्यापासून हप्ता मागणाऱ्या पैशावर उभा केला तर तो रुजण्याआधी हप्त्यानेच मरतो. म्हणून कर्ज घेताना व्याजाच्या दराइतकीच पहिल्या हप्त्याची तारीख पाहावी.

याला जोडूनच खेळत्या भांडवलाचा हिशेब येतो. नवा माणूस यंत्राची किंमत बरोबर काढतो, गाळ्याची अनामत धरतो आणि तेथेच बेरीज मारतो. समजा, महिन्याचा एकूण खर्च २ लाख रुपये आहे. कच्चा माल १५ दिवसांचा साठवावा लागतो, तयार होऊन विकला जाईपर्यंत आणखी १५ दिवस जातात आणि गिऱ्हाईक ६० दिवसांच्या उधारीवर घेते. म्हणजे आज घातलेला रुपया ९० दिवसांनी परत येतो. तोवर तीन महिन्यांचा खर्च, ६ लाख रुपये, सतत अडकलेला राहणार. हे ६ लाख यंत्राच्या किमतीत नसतात, गाळ्याच्या भाड्यात नसतात, म्हणून दिसत नाहीत. विक्री वाढली की ते कमी होत नाहीत, उलट वाढतात. नफ्यात असलेला कारखाना बंद पडताना मी पाहिला आहे तो याच कारणाने. छोट्या उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे, असा २००६चा कायदा आहे. तो माहीत असावा. पण ज्याच्या एकट्याच्या मागणीवर आपला गाळा चालतो, त्याच्यावर दाद मागायला कितीजण जातात, हेही माहीत असावे.

जागा, कच्चा माल आणि आगगाडी

किर्लोस्करवाडीच्या गोष्टीत निवडुंग आणि साप नेहमी येतात. स्टेशन येत नाही. लोखंड आणि कोळसा आणायचा, जड नांगर दूरदूरच्या तालुक्यांत पाठवायचे, तर रूळ जवळ असणे ही शोभेची बाब नव्हती. माळ ओसाड असला तरी चालेल, वाहतूक ओसाड असून चालत नाही. कराडजवळची ओगलेवाडीही अशीच रेल्वेच्या आधाराने वसली. काचेला कोळसा लागतो आणि तयार माल ठिसूळ असतो. अशा मालाला बैलगाडीचा लांबचा प्रवास मानवत नाही.

बेळगावहून उठावे का लागले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला ती जागा हवी होती. सुरू असलेला कारखाना, बसवलेली यंत्रे, जमलेले कामगार, सगळे हलवावे लागले. लक्ष्मणरावांना औंधचे महाराज भेटले. सगळ्यांना भेटत नाहीत. आजचा माणूस अकरा महिन्यांच्या करारावर गाळा घेतो आणि त्यात फरशी, वीजजोडणी, फलक यांवर लाख-दोन लाख घालतो. करार संपला की मालक भाडे वाढवतो; कारण आता हा भाडेकरू हलू शकत नाही, हे त्याला ठाऊक असते. बसवलेला खर्च भिंतीत राहतो. जेवढी वर्षे खर्च वसूल व्हायला लागणार, तेवढ्या वर्षांचा लेखी करार हातात नसेल, तर तो खर्च भिंतीवर करू नये. चाकांवर, मांडणीवर, हलवता येईल अशा वस्तूंवर करावा.

कच्च्या मालाचा धडा पहिल्या महायुद्धाने दिला. १९१४नंतर परदेशी मालाची आवक रोडावली आणि देशी कारखानदाराला बाजार मोकळा झाला, हे खरे. पण त्याच युद्धाने लोखंड, कोळसा आणि रंग यांची टंचाई आणली. मागणी दारात उभी आणि भट्टीत घालायला काही नाही, अशी स्थिती. जो पुरवठादार एकटाच आहे तो आपला भागीदारच असतो. फक्त तोट्यात वाटा घेत नाही.

पावसाळा मोजला का?

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटले. उसने घेतलेले भांडवल ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे दिली गेली. हीच पुढे 'लिज्जत' झाली. तिच्या भरभराटीची कथा सर्वांना ठाऊक आहे. मला तिच्यातले पहिले वर्ष महत्त्वाचे वाटते.

त्या वर्षी पावसाळ्यात सुमारे चार महिने काम बंद ठेवावे लागले. पापड वाळेनात. मुंबईच्या गच्चीवर चालणाऱ्या धंद्याचा एक तृतीयांश काळ आभाळाच्या स्वाधीन होता. दुसऱ्या वर्षी त्यांनी उपाय काढला : एक खाट आणि एक स्टोव्ह. पापड खाटेवर पसरायचे आणि स्टोव्ह खाटेखाली पेटवायचा. पावसाळ्याची अडचण एवढ्या स्वस्तात सुटली. तोटा सोसता आला, कारण तो छोटा होता. ८० रुपयांवर चार महिन्यांची सुट्टी परवडते. ८ लाखांवर परवडली नसती.

दुसरी गोष्ट दर्जाची. आरंभी दोन प्रतींचे पापड होत, त्यांतली एक स्वस्त विकण्यासाठी. ज्यांनी पैसे उसने दिले होते त्या छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला, की एकच उत्तम प्रत ठेवा. मोडके पापड शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटले जात, पाकिटात जात नसत. आणि तिसरी, देणग्या घ्यायच्या नाहीत हे आरंभीच ठरले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. या आकड्यावर कोणतीही बँक कर्ज देणार नाही. पण त्या आकड्यात कुणाचीही मेहेरबानी मिसळलेली नव्हती, म्हणून तो भरवशाचा होता.

प्रत्येक धंद्याला त्याचा पावसाळा असतो. रसवंतीला खराखुरा पावसाळा, शाळेजवळच्या वह्यापुस्तकांच्या दुकानाला मे महिना, मंगल कार्यालयाला चातुर्मास, खानावळीला परीक्षेनंतरची सुट्टी. वर्षाच्या उत्पन्नाला बाराने भागून जो माणूस महिन्याचा खर्च ठरवतो, त्याने आपला पावसाळा मोजलेला नसतो. तो मोजायचा उत्तम मार्ग म्हणजे पूर्ण एक वर्ष धंदा खाटेएवढ्या आकाराचा ठेवणे.

वस्तूचे आयुष्य

ओगले बंधूंचा काच कारखाना १९१६चा. त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. माझ्या पिढीतल्या अनेकांनी त्याच्याच काचा राखेने पुसल्या आणि त्याच्याच उजेडात पाढे पाठ केले. माल उत्तम, नाव मोठे, कारागिरी वादातीत. पण गावोगाव विजेचे खांब येऊ लागले, तसा कंदील कोनाड्यात गेला. दुसऱ्या कुणी अधिक चांगला कंदील केला म्हणून हे झाले नाही. गरज कायम राहिली, वस्तू बदलली.

हाच प्रकार आपल्या डोळ्यांदेखत अधिक वेगाने घडला. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतल्या असंख्यांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. पुढे नव्वदच्या दशकात अनेक कारखान्यांत स्वेच्छानिवृत्ती आली. हातात एकरकमी पैसा आणि समोर पंधरा-वीस वर्षांचे आयुष्य असलेली ही माणसे धंद्याकडे वळली ती हौसेने नव्हे. वडापावची गाडी, रिक्षा, झेरॉक्सचे यंत्र आणि त्या काळात सर्वांत खात्रीचा वाटणारा एसटीडी बूथ. रात्री दर उतरले की बूथपुढे रांगा लागत. १९९५ला देशात मोबाइल आला, २००३ला येणारे कॉल फुकट झाले आणि बघता बघता पिवळ्या पाट्या उतरल्या. ज्यांनी बूथ लवकर घेतले त्यांचे पैसे वसूल झाले. ज्यांनी दुसऱ्यांच्या रांगा पाहून उशिरा घेतले, त्यांची आयुष्याची पुंजी त्या काचेच्या खोक्यात गेली.

त्यातून मी एक साधा नियम काढला. रांग दिसते तेव्हा धंदा चांगला आहे हे कळते. तो आपण सुरू करावा का, हे कळत नाही. त्यासाठी दोन गोष्टी पाहाव्यात. घातलेला पैसा किती वर्षांत वसूल होईल? आणि ही वस्तू तेवढी वर्षे लोकांना लागेल का? दुसऱ्याचे उत्तर खात्रीने देता येत नसेल, तर पहिल्या उत्तरातली वर्षे कमी करावीत.

घर आणि गाळा यांच्यामधली भिंत

मर्यादित जबाबदारीची कंपनी आपल्या देशात १८५७च्या कायद्याने शक्य झाली. धंदा बुडाला तर भागधारकाचे गुंतवलेले तेवढेच जावे, घरदार जाऊ नये, ही त्यामागची कल्पना. किर्लोस्कर ब्रदर्सची मर्यादित कंपनी १९२० साली झाली. म्हणजे पहिल्या सायकलींनंतर बऱ्याच काळाने. २०१३च्या कायद्याने तर एकट्या माणसालाही कंपनी काढता येते. पण छोट्या धंद्यांपैकी बहुतेक व्यक्तिगत मालकीचेच असतात आणि तेथे कायद्याच्या लेखी गाळा व घर यांच्यात भिंत नसते. धंद्याचे देणे ते मालकाचे देणे. कंपनी असली तरी कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेते; मीच त्या कागदांवर सह्या घेत आलो आहे. म्हणजे जी भिंत कायद्याने बांधली तिला हमीपत्राने दार पाडले जाते.

एक प्रकरण मला विसरता येत नाही. लेथवर हात बसलेला एक कारागीर होता. एका मोठ्या कारखान्याचे सुटे भाग करून देई. कामात खोट नव्हती. आईच्या नावचे घर तारण, बायको जामीनदार. गिऱ्हाईक एकच. त्या कारखान्याने आधी दोन महिन्यांनी, मग चार महिन्यांनी पैसे द्यायला सुरुवात केली. काम नाही म्हणावे तर पुढची मागणी जाते, काम करावे तर लोखंडाला पैसे नाहीत. दीड वर्षात लेथ विकले गेले. घराच्या लिलावाची नोटीस लागली तेव्हा त्या माउलीने मला विचारले, 'साहेब, कर्ज याने घेतलं ना? मग माझं घर कसं?' सही करताना तिला कुणी ते वाचून दाखवले नव्हते. त्यानंतर माझ्या टेबलावर जामीनदाराला कागद मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही झाली नाही.

म्हणून धंद्याआधी घरात एक बैठक व्हावी. तिच्यात धंद्याची स्वप्ने सांगू नयेत; ती सगळ्यांना तोंडपाठ असतात. किती रक्कम गेली तर चालेल, आणि कोणत्या वस्तूला हात लावायचा नाही, एवढेच ठरवावे. आईचे घर, मुलीच्या शिक्षणाचे पैसे, बायकोचे दागिने, यांतले काय रेषेच्या पलीकडे आहे ते धंदा सुरू होण्याआधी लिहून ठेवावे. कारण धंदा अडचणीत आल्यावर प्रत्येक रेष 'फक्त या महिन्यापुरती' पुसली जाते.

थांबण्याची तारीख

लक्ष्मणरावांच्या आयुष्यातला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटणारा प्रसंग नांगराचा नाही. जे. जे. कलाशाळेत आपल्याला रंग ओळखता येत नाहीत हे कळल्यावर त्यांनी चित्रकला सोडली, तो आहे. हौस होती, त्यासाठी घर सोडले होते, वर्षे घातली होती. तरी डोळ्यांनी दिलेला पुरावा त्यांनी मानला आणि त्याच शिक्षणातला जो भाग हाताशी होता, म्हणजे रेखन, तो घेऊन पुढे गेले. नांगराच्या बाबतीत ते दोन वर्षे थांबले, चित्रकलेच्या बाबतीत थांबले नाहीत. दोन्ही निर्णय बरोबर ठरले. नांगर सुधारता येण्याजोगा होता, डोळे नव्हते.

चिकाटी कुठे ठेवायची आणि कुठे सोडायची, हे आधी ठरवता येते. इतक्या महिन्यांत इतकी विक्री झाली नाही तर, किंवा इतक्या रकमेपलीकडे तोटा गेला तर, दुकान आवरायचे. सामान विकायचे, देणी फेडायची आणि मोकळे व्हायचे. वेळेवर आवरलेला धंदा ही नामुष्की नाही. देणी फेडून बंद केलेल्या दुकानाच्या मालकाला बाजार पुन्हा उधारी देतो. माझ्या सत्तावीस वर्षांत दुसऱ्यांदा धंदा काढून यशस्वी झालेले जे लोक मी पाहिले, ते सगळे पहिल्या धंद्यातून वेळेवर उठलेले होते.

या दिवाळीत जे नवी वही आणणार आहेत, त्यांनी पहिल्या पानावर स्वस्तिक जरूर काढावे. दुसऱ्या पानावर, जमेची पहिली रक्कम लिहिण्याआधी, तीन ओळी लिहाव्यात : किती दिवस घर धंद्याविना चालेल, किती रक्कम गेली तर चालेल, आणि कोणत्या तारखेला हा हिशेब घरच्यांसमोर पुन्हा मांडायचा. खाली घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.